जुनं पुढे, नवं मागे

दुकानात तिला सगळे तारीखमावशी म्हणत. दुधादह्याचा विभाग तिच्याकडे होता आणि त्या विभागाचा धर्म एकच: जुनं पुढे, नवं मागे. सकाळी गाडीतून आलेल्या पिशव्या मागे सरकवायच्या, कालच्या पुढे ओढायच्या. उमेदीची सगळी वर्षं तिने त्या शीतघरात घालवली. बोटं बधिर झाली, गुडघ्यांत गारठा मुक्कामाला आला. पण तिच्या फळीवर तारीख उलटलेली पिशवी कुणाला कधी सापडली नाही.

"मावशी, एकदा माझीही तारीख बघा," बेकरीवाला म्हणायचा.

"तुझी केव्हाच उलटली, मेल्या. वासावरून कळतं."

कंपनीची दुकानं शहरभर होती. मावशीची सून याच दुकानात काउंटरवर बसायची, पण तात्पुरती. लग्नाआधीपासून तात्पुरती. उद्या काम आहे की नाही, हे आदल्या संध्याकाळी मोबाइलवर कळायचं. मोबाइल वाजला नाही की दुसऱ्या दिवशी ती घरात भांडी आपटत फिरायची. मूल हवं होतं. पण कायम झाल्याशिवाय बाळंतपणाची रजा नाही, आणि रजा मागितली की मोबाइल कायमचाच गप्प.

जुना करार संपला तेव्हा युनियनने या वेळी सगळ्यांत वर एकच मागणी लिहिली: तात्पुरत्यांना कायम करा. कंपनी हो म्हणेना, नाही म्हणेना. बैठकीमागून बैठक, चहामागून चहा. अखेर शनिवारपासून संप ठरला.

गोदामामागच्या आवारात सभा झाली. पुढाऱ्याचा आवाज बसलेला होता, म्हणून सगळे पुढे सरकून ऐकत होते.

"पैसा त्यांच्याकडे रग्गड आहे. आपला संप ते पाय पसरून बघत बसतील. पण दूध थांबत नाही, मांस थांबत नाही. माल नेहमीसारखा मागवा. शीतघरं काठोकाठ भरू द्या आणि मग बाहेर बसा. आतला वास आपल्या वतीने बोलेल."

लोक हसले. मावशीने बधिर हातांनी टाळ्या वाजवल्या.

"आई, तुम्हाला जमेल का पण?" सुनेने हळूच विचारलं.

"न जमायला काय झालं? तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

गुरुवारी सकाळी मालाची मागणी नोंदवायची वेळ आली. मावशीने नेहमीचा आकडा टाकला. मग शीतघराचं दार उघडून आत उभी राहिली. फुगलेल्या पिशव्या, आंबलेलं दही, फळीवरून ठिबकणारं पांढरं पाणी तिला आत्ताच दिसू लागलं. दिसलं असं नाही, वासच आला. एका दुकानाच्या दुधाने काय होणार, तिने स्वतःला सांगितलं. समुद्रातून तांब्याभर पाणी काढलं तर समुद्राला कळतं थोडंच? ती परत आली आणि आकडा खोडून अगदी थोडं दूध मागवलं. शुक्रवारी उरल्यासुरल्या मालावर अर्ध्या किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दुपारपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या. तिने त्या कोरड्या पुसल्या. आणि तिला, लाज वाटावी इतकं, बरं वाटलं.

काउंटरवर सून होती. अर्ध्या किमतीचं दूध तिच्याच हातांखालून सरकत होतं, पिशवीमागून पिशवी. तिने एकदा मान वर करून दुधाच्या फळ्यांकडे पाहिलं. मग पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल केलं.

संध्याकाळच्या बैठकीत कंपनीचा साहेब घाईत नव्हता. "करा की संप," तो पुढाऱ्याला म्हणाला. "आमची शीतघरं रिकामी आहेत. तुमच्याच लोकांनी केली. एवढी काळजी तर आम्हीही घेत नाही."

दुकानादुकानात एक तारीखमावशी होती. प्रत्येकीने आपल्यापुरता तांब्या उचलला होता.

पुढाऱ्याने सही केली. कायम असलेल्यांना पगारवाढ. तात्पुरत्यांचं पुढच्या करारात बघू.

शनिवारी दुकान नेहमीच्या वेळी उघडलं. बेकरीवाला मावशीकडे न बघता म्हणाला, "कणीक भिजवून फेकवत नाही हो मावशी. मी म्हटलं, एक माझंच तर..."

"गप बस," मावशी म्हणाली. शिवी द्यावी इतकाही हक्क तिला उरला नव्हता.

सुनेला त्या दिवशी काम नव्हतं. मावशी घरी आली तेव्हा ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. चहा तिने एकाच कपात ओतला, स्वतःच्या.

"तू बघत होतीस ना?" मावशीने विचारलं. "मग तिथंच बोलायचंस. हात धरायचास माझा."

"धरून काय झालं असतं, आई? दुसऱ्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या असत्यात."

स्वतःपुरता चहा करावा म्हणून मावशीने फ्रिज उघडला. आज आणलेली पिशवी पुढे होती, कालची मागे ढकललेली. सून असं चुकून करणारी नव्हती. जुनं पुढे, हे तिला मावशीनेच शिकवलं होतं. मावशी बघत राहिली. फ्रिजचा दिवा तिच्या बोटांवर पडला होता.

मग तिने कालची पिशवी पुढे ओढली.

"ओढलीत?" सून म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. "मला वाटलंच होतं."

तिचा मोबाइल ओट्यावर पडला होता. तो वाजला नाही.