डायलमामांनी नापास केलेलं मशीन

लोक खिशात पेन ठेवतात, डायलमामा डायल ठेवायचे. घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर एक काटा, आणि केसाच्या जाडीहून कमी फरक पडला तरी तो हलणार. फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं ते यंत्र लग्नाच्या पंगतीतही त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात असायचं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये, त्यांचा जन्म गेला. कारखाना बंद पडला, तरी डायल काही खिशातून उतरलं नाही. "माणूस खोटं बोलंल मॅडम, काटा नाय बोलत," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. कागदावर किती इंजिनं काढली याला गणती नाही, पण लोखंडाचा एक तुकडा स्वतःच्या हातानं कापला नव्हता. निवृत्त झाल्यावर गाडी विकली, गॅरेज रिकामं केलं आणि जाहीर केलं की घरात धातू कापून आकार देणारं एक लहान मिलिंग मशीन आणणार आणि त्यावर ओंजळीत मावेल एवढं, पण खरोखर चालणारं वाफेचं इंजिन करणार. नणंदेनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. जुने सहकारी तर बशीत चहा सांडेपर्यंत हसले. मामा हसले नाहीत. कुणाच्या तरी ओळखीनं ते आले, चप्पल काढून गॅरेजची फरशी टाचेनं ठोकत फिरले आणि म्हणाले, "फरशी पोकळ हाये. आधी इथं काँक्रीट करा, मग मशीनचं बघू." माझी चेष्टा न करता माझ्या कामाचं बोलणारा तो पहिला माणूस. मी त्याच दिवशी त्यांना गुरू करून टाकलं.

मग आमची मशीन शोधायची मोहीम सुरू झाली. गोल खांबाचं एक मशीन मला स्वस्त आणि छान वाटलं होतं. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "कापायचं डोकं वर-खाली केलं की जागा चुकतंय हे. ह्याच्यावर काम करायचं म्हणजे रोज नव्यानं भांडण." दुसऱ्याचा स्क्रू ढिला निघाला. तिसरं आम्हाला शेखभाईंच्या शेडमध्ये सापडलं. शेखभाई बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं घेऊन विकतात. कोपऱ्यात एक हिरवं, बुटकं, वजनदार मिलिंग मशीन होतं, त्याची चाकं हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मी त्याच्यावर भाळले, हे कबूल करते. मामा बराच वेळ त्याच्याभोवती फिरले. मग त्यांनी डायलचा स्टँड लावला आणि मशीनचं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवलं. काटा चांगलाच भटकला. "बेड खाल्लाय," ते म्हणाले. "टेबल सरकतं तिथं मधी घासून खड्डा पडलाय. रंगावर जाऊ नका."

"मामा, ठीक से देखो, अच्छी मशीन है," शेखभाई म्हणाले. मामा डायल फडक्यात गुंडाळत होते. मी काट्यावर विश्वास ठेवला आणि काटा धरणाऱ्यावर त्याहून जास्त. शेवटी मामांनी पसंत केलेलं नवं, छोटं मशीन घरी आलं.

ते बसवण्यात जे तीन महिने गेले, त्यांच्याइतके सुखाचे दिवस माझ्या नोकरीत एकही नव्हते. रोज दुपारी मामा यायचे. रॉकेलनं सगळं ग्रीस धुतलं, एकेक सरकपट्टी काढून घासली. डोकं टेबलाला काटकोनात बसेना, तेव्हा मामांनी कोल्ड्रिंकचा रिकामा डबा कात्रीनं कापला आणि त्याची पातळ पट्टी खांबाखाली सारली. मी वैतागले की म्हणायचे, "घाई हाये का? मग बाजारातून तयार आणा." माझ्या हातून पहिला पितळी ठोकळा चौकोनी निघाला, तेव्हा त्यांनी तो तळहातावर ठेवून कितीतरी वेळ बघितला. त्यांना अभिमान वाटला असं मला वाटलं.

एके दिवशी मी टेबल सरकवून काटा वाचला आणि आकडा लिहायला वही घेतली. मामा ओरडले, "परत आणलं का? टेबल जिथून निघालं तिथं परत आणायचं. काटा जुन्या जागी आला तरच वाचलेलं खरं. स्टँडचा नट ढिला असंल तर काटा काय बी सांगतो. पहिला धडा हाये हा!" शिकवण्याच्या भरात ते बोलून गेले आणि लगेच डायल फडक्यात गुंडाळायला लागले. चहा न घेताच निघाले.

मी वही हातात घेऊन तशीच उभी राहिले. शेखभाईंच्या शेडमध्ये टेबल एकदाच सरकलं होतं. मामांनी ते परत आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शेडवर गेले. हिरव्या मशीनची जागा रिकामी होती. "वो तो मामाच ले गये, मॅडम," शेखभाई म्हणाले. "आप देख के गये ना, उसके दूसरेच दिन. उनकेच कंपनी का था वो. आपको नहीं बोले?"

नाही, मला नव्हते बोलले.

खंडेनवमी आली. घरी पूजा आहे म्हणून येणार नाही, असा मामांनी निरोप पाठवला. मीच चिकलठाण्याला त्यांच्या घरी गेले. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते मशीन होतं, हळदीकुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेलं, आणि मामा त्याच्यासमोर उदबत्ती ओवाळत होते. मला बघून त्यांनी उदबत्ती खाली ठेवली.

"बावीस वर्षं चालवलं मी हे," ते म्हणाले. "कंपनी गेली तवापासून शोधत होतो."

"मग मला सांगायचं होतं, मामा. मी त्याला हात तरी लावला असता का?"

त्यांनी मशीनवरचा हार सरळ केला. मग म्हणाले, आणि हे त्यांनी नसतं म्हटलं तर मी कदाचित त्यांना माफही केलं असतं, "वाटलं, मॅडमची हौस हाये. दोन म्हैन्यात कंटाळतील. मग असलं मशीन धूळ खात पडंल. हौसेला नवं छोटं बी चालतंय."

म्हणजे तेही हसलेच होते. बाकीच्यांनी तोंडावर हसून घेतलं, यांनी फरशी ठोकत, पट्ट्या घासत, तीन महिने माझ्या घरचा चहा पीत. मामी प्रसाद घेऊन बाहेर आल्या. मी तो न घेता निघाले. मशीन गेल्याचं मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

त्यानंतर मामा आले नाहीत, मीही बोलावलं नाही. इंजिन मात्र मी पुरं केलं. गेल्या महिन्यात जुने सहकारी बघायला आले. वाफ भरली, चाक दोनदा अडखळलं आणि मग असं फिरायला लागलं की कुणाला चहाची आठवण राहिली नाही. एकानं इंजिनाच्या पितळी ठोकळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, हे शिकलात कुणाकडून?"

"कुणाकडून नाही," मी म्हटलं. "पुस्तकं वाचून."

सगळ्यांनी ते खरं मानलं. त्यातला कुणीतरी चिकलठाण्याला जाईल आणि हे मामांच्या कानावर घालेल, याची मी वाट बघते आहे.