मराठीत घेतलेला जबाब

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. पण ती आजही जशीच्या तशी आठवते आणि आठवली की मान आपोआप खाली जाते.

त्या वेळी मी भिलाईबाहेरच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. अहिवाऱ्याच्या खाणींकडून येणारे चुनखडीचे ट्रक ठाण्यासमोरून जायचे. अपघात, डिझेलची चोरी, दारूची भांडणं, हेच आमचं रोजचं काम. सकाळी हजेरी, मग रोजनामचा, मग रांगेत बसलेले फिर्यादी.

उन्हाळा संपत आला होता. एका दुपारी रस्त्याच्या ठेकेदाराचा सुपरवायझर तक्रार घेऊन आला. सरकारच्या ग्रामीण रस्त्यांच्या योजनेतून हद्दीतल्या एका गावाला पहिल्यांदाच डांबरी रस्ता मिळाला होता. काम पुरं होऊन महिनाही झाला नव्हता आणि कोणीतरी तो जागोजागी खोदत होतं. तीन खड्डे सापडले होते. आठवड्याभरात गुणवत्ता तपासणारं पथक येणार होतं. तासाभरात वरिष्ठांचाही फोन आला. दुसऱ्या एखाद्या ठेकेदाराने माणूस लावला असेल, पथक येण्याआधी तो आत पाहिजे, असं त्यांनी बजावलं.

खबर दूधवाल्याने दिली. पहाटे गावाकडून येताना त्याला एक म्हातारा सायकलला सब्बल, म्हणजे पहार, बांधून जाताना दोनदा दिसला होता.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई घेऊन मी मोरीजवळच्या बाभळीआड थांबलो. उजाडताना म्हातारा आला. सत्तरीचा असेल, पण सब्बल मारायची पद्धत सराईत. त्याने रस्त्याच्या कडेला हातभर चौकोनी खड्डा घेतला, टेप लावून खोली मोजली, चिठ्ठीवर काही लिहिलं आणि तळाची माती पिशवीत भरली. आम्ही पुढे झालो तेव्हा तो पळाला नाही.

"रुकिए साहब," तो म्हणाला, "गड्ढा भर देता हूँ. किसी की साइकिल गिर जाएगी."

मी खड्ड्यात वाकून पाहिलं. वर दोन बोटं डांबर आणि खडी, खाली नुसती माती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पंचनाम्यात मात्र ते लिहिलं नाही.

ठाण्यात आणल्यावर त्याने तोंड उघडलं नाही. कोणी पाठवलं, सोबत कोण, आधीच्या तीन खड्ड्यांचं काय, कशालाच उत्तर नाही. आमचा हवालदार छत्तीसगढी, त्याचा एकच उपाय. "दू थपरा मारबो साहब, सब बता दिही," तो म्हणाला. मी त्याला बाहेर पाठवलं. त्याच्यापेक्षा मी फार भला होतो म्हणून नाही. मला त्या चिठ्ठीतून दुसरी वाट दिसली होती. चिठ्ठीवर मराठीत लिहिलं होतं, 'खालतं माती. गिट्टी नाई.' गिट्टी म्हणजे खडी.

माझे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आलेले. माझं लहानपण सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये गेलं. घराबाहेर आम्ही हिंदी बोलायचो, घरात मात्र तिकडचीच बोली. वर्दी अंगावर असताना मी ती कधी वापरली नव्हती. त्या दिवशी खुर्ची म्हाताऱ्याच्या शेजारी ओढली, दोन चहा मागवले आणि विचारलं, "काकाजी, गाव कोनतं तुमचं?"

त्याने मान वर केली. "तुमसरकडलं. तुमी मराठी आहा का?"

"भंडाऱ्याचे आमी. बाबा प्लांटमधी होते."

माणूस बदलतो म्हणजे काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. त्याचे खांदे सैल झाले. डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासात मला सगळं कळलं.

तो रेल्वेत गँगमन होता. दुर्ग लाइनवर तीस वर्षं रुळांखालची गिट्टी सारखी करण्यात गेली. निवृत्त होऊन या गावात थोडं शेत घेतलं आणि इथेच राहिला. रस्ता मंजूर झाला तेव्हा जमिनीची अडचण आली. कडेच्या शेतकऱ्यांनी आपल्या शेताची पट्टी मोबदला न घेता सोडायची होती आणि कोणी तयार नव्हतं. सरपंचाने याला पुढे केलं. याने आधी स्वतःची पट्टी सोडली, मग घरोघर जाऊन अकरा जणांच्या सह्या आणल्या.

"लोकायनं माह्या शब्दावर जमीन देली, साहेब," तो म्हणाला. "मंग बोर्ड लागला. गिट्टीचा थर किती, मुरूम किती, सारं लिवलं होतं त्याच्यावर. आमचा जलम गिट्टीतच गेला. रोलर फिरून राहिला होता तवाच मले समजलं, खालतं काईच नाई."

"मंग तक्रार कावून नाई केली?"

"तीनदा केली. कोणी येऊनच नाई पाह्यलं. म्हून म्या मोजून ठेवलं. पथक येईन तवा दाखवीन म्हटलं."

"आधीच्या तीन खड्ड्यायची माती कुठी आहे? आन् हिशेब?"

त्याने चहा खाली ठेवला. माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमी मले फसवून तं नाई राह्यले?"

"नाई काकाजी. पथक येईन तवा तुमची वही मी सोता त्यायच्यापुढं ठेवीन."

हा शब्द मी दिला. देताना तो पाळायचा होता की नव्हता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्याने सांगितलं, घरच्या धानाच्या कोठीत वही आहे, पिशव्याही तिथेच आहेत.

दुपारी आम्ही त्या आणल्या. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. पण आरोपीच्या सांगण्यावरून सापडलेल्या वस्तूला असते. त्याची वही आता त्याच्याचविरुद्धचा पुरावा होती. आधीच्या तिन्ही खड्ड्यांची जागा, खोली, दिवस, सगळं त्याच्या अक्षरात.

मी वरिष्ठांना फोन केला. दुसरा ठेकेदार वगैरे कोणी नाही, म्हातारा खरं सांगतोय, खाली खडी नाही, असं बोललो. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "रस्ता तपासणं आपलं काम नाही. खोदणारा मिळाला ना? केस पक्की करा."

मी "जी सर" म्हणालो. एवढंच. धमकी नव्हती, आमिष नव्हतं. एकदा तरी 'पण सर' म्हणता आलं असतं.

त्याने चार पानं भरतील एवढं मराठीत सांगितलं होतं. मी हिंदीत जबाब लिहिला तो अर्ध्या पानाचा, दहा ओळींचा: सरकारी रस्त्याचं नुकसान मी केलं, सब्बल माझी आहे, वही माझी आहे. त्याला हिंदी वाचता येत होतं, पण त्याने वाचलं नाही. "तुमी लिवलं म्हंजे बराबरच असन," म्हणाला आणि सही केली.

पथक आलं त्या दिवशी मी तिथे बंदोबस्ताला होतो. खड्डे बुजवून वर डांबर ओतलं होतं. गाडी सावकाश शेवटापर्यंत गेली आणि परत आली. त्यांच्यातल्या एका वयस्क अधिकाऱ्याने खाली उतरून मला विचारलं, "गाँव वालों की कोई शिकायत?"

वही आणि पिशव्या ठाण्याच्या मालखान्यात होत्या. म्हातारा दुर्गच्या तुरुंगात होता. मी म्हणालो, "नहीं सर."

जामीन व्हायला त्याला अकरा दिवस लागले. त्या पावसाळ्यात रस्ता दोन जागी खचला आणि गावाची आधीची गाडीवाट होती तीही चिखलात गेली. ज्यांनी पट्ट्या सोडल्या होत्या त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. शेत विकून तो गोंदियाला मुलीकडे गेला. मला त्या वर्षी उत्कृष्ट तपासाचं प्रशस्तिपत्र मिळालं.

खटला उभा राहिला तेव्हा माझी बदली होऊन चार वर्षं झाली होती. उलटतपासणीत त्याच्या वकिलाने विचारलं, "खड्ड्यात तुम्ही काय पाहिलं?" सरकारी वकील माझ्याकडे पाहत होते. मी खरं सांगितलं. डांबराखाली माती पाहिली, खडीचा थर नव्हता, पंचनाम्यात ते मी लिहिलं नाही. तो निर्दोष सुटला. माझी विभागीय चौकशी झाली, तिचं मला दुःख नाही.

निकालाच्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. खूप वाळला होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "काकाजी, चुकलं माह्यं."

त्याने हात जोडले. "ठीक है साहब," हिंदीत म्हणाला. "आपने आज सच बोल दिया, मेहरबानी." माझ्याशी त्याने मराठीचा एक शब्द काढला नाही. मुलीचा हात धरून तो जिना उतरून गेला.

खरी लाज मला पुढच्या गोष्टीची वाटते. निवृत्तीआधी नव्या भरतीला चौकशीचं तंत्र शिकवायला मला बोलवायचे. तिथे मी हीच केस सांगायचो. मारहाण करू नका, माणसाच्या घरच्या भाषेत बोला, चहा द्या, तो आपणहून सगळं सांगतो. कोठीतून वही निघाली इथे मी थांबायचो. पोरं खूश होऊन टाळ्या वाजवायची. पुढे काय झालं ते मी एकदाही सांगितलं नाही.

आता निवृत्तीनंतर भिलाईतल्या कोहक्याच्या घरात बसून मला कळतं की चौकशीचं तंत्र मला चांगलंच येत होतं. येत नव्हतं ते त्यापुढचं साधं काम. समोरच्याने विश्वासाने जे सांगितलं ते सगळं कागदावर उतरवायचं, आपल्याला हवं तेवढंच नाही. उरलेली साडेतीन पानं मी आज लिहून काढली. तो म्हातारा मागच्याच वर्षी गोंदियात वारला, असं त्याच्या मुलीकडून कळलं.