घड्याळवाल्यांचे शेजारी

कंडक्टरबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या बोलायला लागल्या की माणसं आपसूक आत सरकून जागा करून देत. दर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात त्या व्यसनी माणसांच्या घरच्यांची बैठक घेत. बाकं पहिलीच्या मुलांची. मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसत. "अवघडलात तरी चालेल," बाई म्हणत, "घरी आपण याहून अवघडून बसतो."

हे सगळं त्यांना नवऱ्याच्या दारूने शिकवलं होतं. बाटल्या मोरीत ओतून झाल्या, त्याच्या साहेबांना फोन करून "ताप आलाय हो" सांगून झालं, पाहुण्यांपुढे हसून झालं. नवरा शेवटी गेलाच. पण त्याच्या अखेरच्या काळात अशाच एका बैठकीने बाईंना तगवलं. तिथे उपाय कोणी सांगितला नाही, फक्त खोटं न बोलता बसता आलं. नंतर तीच बैठक त्या स्वतः चालवू लागल्या.

एका शनिवारी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आले. कोपऱ्यातल्या बाकावर टेकत म्हणाले, "मी माझ्यासाठी नाही आलो. आमचे एक शेजारी आहेत. त्यांची बायको पिते. त्यांना यायला लाज वाटते, म्हटलं आपणच ऐकून सांगावं."

भावासाठी येणारी नर्स काही बोलणार, तोच बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"चांगलं केलंत," बाई काकांना म्हणाल्या. "शेजारी जेवतात का नीट?"

"ते? नाही हो. ती झोपेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही."

मग दर शनिवारी काका शेजाऱ्यांची हकिकत आणू लागले. शेजाऱ्यांना पिठाच्या डब्यात बाटली सापडली. शेजारी बायकोवर ओरडले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

"हे नाटक कुठवर चालवायचं?" नर्सने एकदा बाईंना बाजूला घेऊन विचारलं.

"पाण्यात उतरणारा आधी अंगठाच बुडवतो," बाई म्हणाल्या. "ढकलायची घाई कशाला?"

एके दिवशी बैठक रंगात आली असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. केस नीट विंचरलेले, डोळे मात्र सुजलेले.

"दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून कुठे जाता ते बघायला आले," ती काकांना म्हणाली. "कोण आहे ती?"

काका इतक्या घाईने उठले की बाकही त्यांच्याबरोबर उचललं गेलं.

"कोणी नाही गं. तुझ्यासाठी येतो. म्हणजे, माझ्यासाठी येतो. तू पितेस, आणि मला एकट्याला झेपत नाही."

तिचा चेहरा उतरला. ती वळली आणि चालू लागली. काका मागे धावणार, तर बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बसा. मी बघते."

ती पायऱ्यांवर बसली होती. बाई शेजारी टेकल्या.

"सगळ्यांना माझं सांगितलं त्यांनी?"

"छे. शेजाऱ्यांचं सांगितलं. त्यांची बायको पिते म्हणाले."

ती बघतच राहिली. मग रडता रडता तिला हसू आलं. "आमच्या शेजारी बंद गोदाम आहे हो."

बाईही हसल्या. त्यांच्या जिभेवर दहा सल्ले आले होते, ते त्यांनी गिळले. शेवटी तीच म्हणाली, "पिणाऱ्यांसाठीही असं काही असतं?"

"असतं. म्हणाल तेव्हा दारापर्यंत मी येते. आत तुम्ही जायचं."

ती तिथे जाऊ लागली. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्ये दोनदा घसरली, आणि एकदा तर काकांनीच हात टेकले होते. पण आता बरेच दिवस घरात शांतता आहे. काका अजून येतात, नव्या माणसाला स्वतःहून पाणी देतात.

बाईंच्या नवऱ्याच्या नशिबी हे नव्हतं. त्याची खंत त्यांना आहे, आणि त्या ती लपवत नाहीत. परवा बैठकीत त्या सांगत होत्या, की तो गाणी फार हौसेने म्हणायचा, आणि सूर कुठेही गेला तरी थांबायचा नाही. सगळा वर्ग हसला. बाईही डोळे पुसत हसल्या, आणि मग नर्सला म्हणाल्या, "हं, आता तू बोल."