तात्याच्या टरकाचा उलटा आस

आईच्यान सांगतो, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय. म्हंजे, मदीमदी एकांदा शबूद मी चवीपुरता घातला आसंल, त्येला इलाज न्हाई. पर फजिती माजीच झाली, आन् सोताच्या फजितीत कोन कशाला खोटं घालंल?

लढाई संपली आन् मी इराकातनं गावी आलो, तवाची गोष्ट. गाव आमचं कराडपास्नं दोन कोसांवर. पारावर उतरलो न् उतरलो तोच लोकांनी इचारलं, पलटनीत कंच्या खात्यात व्हतास? मी म्हनलो, टरकाच्या.

आता ह्ये खोटं न्हवतं बरं का. लंगर म्हंजे पलटनीचं सैपाकघर. आमच्या लंगराच्या भिताडापल्याड समदं टरक हुबं आसायचं. तीन वर्सं कांदा चिरता चिरता मी त्येंच्याकडंच बगत व्हतो. डोळं पुसून पुसून बगत व्हतो. इतक्या मायेनं कुनी फिटरबी टरकाकडं बगत नसंल.

पर गाव त्ये गाव! दिस मावळायच्या आत मी फिटर झालो. आन् आठवड्याभरात तर मलाबी त्ये खरं वाटाया लागलं.

माजा चुलता तात्या. त्येचा एक म्हातारा टरक, कराडचा गूळ सांगलीच्या पेठंत न्यायचा. चाकं कशाची? लाकडाच्या आऱ्यांची! उन्हाळ्यात लाकूड सुकलं की आरं खुळखुळ्यागत वाजायचं. मंग लाकूड फुगावं म्हनून तात्या टरक किष्नंच्या पान्यात नेऊन हुबा करायचा. डोहात एका अंगाला म्हशी, एका अंगाला टरक. म्हशींची बी कवा तक्रार न्हवती.

गुळाच्या वज्यानं मागच्या चाकांचा आस वाकला तवा तात्या पुन्याला गेला आन् मिलिटरीच्या मोडीत निगालेल्या सामानातनं लोखंडी चाकं आन् आस उचलून आला. आंगनात टाकून मला म्हनला, "दगड्या, तू हायस म्हनून घेतलाय. लाव."

नको म्हनावं तर दुसरीच पंचाईत. माजी सोयरीक चालली व्हती रहिमतपुरात. पोरीचं नाव सोना. बगायला गेलतो तवा तिनं बशी फुडं ठिवताना माज्याकडं बगून हसू दाबलं, आन् मी तितंच बंद पडलो. पर तिचा बाप पडला हवालदार, मोटार खात्यातनं पेन्शनीत आलेला. मिश्या आशा, की बगूनच सलाम ठोकावा. त्येनं सांगावा धाडला: फिटर हाय म्हनतासा तर हात बगून पोरगी देनार. टरकाला चाकं बसव, माज्याफुडं चालवून दाव, तितंच सुपारी फोडतो. न्हाई चालला, तर रामराम.

सोना गेली न्हवं हातची!

चार दिस आंगनात टरकाखाली झोपून काडलं. गुळगुळीत दाडीचा मी, वंगनानं काळ्याकुट्ट मिशीचा झालो. स्प्रिंगांचं पाटं सोडलं, जुना आस काडला, नवा फुडं वडला. मंग त्येच्याकडं बगत बसलो. मदी मोठा लोखंडी गोळा, दोन्ही अंगाला दांडं. वरलं अंग कंचं न् खाललं कंचं? आन् डोक्यात लख्ख उजाडलं! आवं, बैलगाडीचा आस खालनं झिजला की आपुन काय करतो? उलटा करून बशिवतो. पुन्ना धा वर्सं नवा. मंग ह्यो तर लढाईत झिजलेला आस! मी त्येला उलटा केला, मेहनतीनं आवळला, आन् वर सोताची पाट थोपटली. सात नट उरलं. तात्यानं इचारलं तर म्हनलो, मिलिटरीत सात जादाच देत्यात.

चालवून बगू म्हनलो, तर तात्या म्हनला, पूजा झाल्याबिगर चाक हलवायचं न्हाई. झालं!

शुक्रवारी सकाळी हवालदार आला. दारात आर्धं गाव. चाकांफुडं लिंबं ठिवली, नारळ वाढवला, बायका आरती घिऊन टरकाफुडं हुब्या. हवालदारानं हात वर केला. गाडीफुडं कुनी हुबं ऱ्हायाचं न्हाई, म्हनला, समदी मागं. मोटार खात्याचा मानूस, कोन ऐकनार न्हाई? समदी मागं झाली. हवालदार सोता टरकामागं कडब्याच्या गंजीफुडं बाज टाकून बसला, मिशीवर हात फिरवत.

तात्यानं हँडल मारलं. मी पयला गेर टाकला, आन् टरक निगाला. मागं.

मला वाटलं उतार आसंल. जोर लावला. टरक आनखी जोरात मागं. बायका आरतीसकट पांगल्या. हवालदार उठायच्या आत टरकानं बाजेसकट त्येला उचलून गंजीत घातला. निस्ता फेट्याचा तुरा भायेर.

तात्या पळत खिडकीपाशी आला. "आरं दगड्या, मागं कुटं निगालास?"

मी तोंडावरची माशी हलू दिली न्हाई. "मिलिटरीत आदी मागं घिऊन बगत्यात, तात्या. शत्रू कुटनंबी येतो."

"मंग बगितलं न्हवं? आता फुडं घे की."

दुसरा गेर टाकला. टरक दुप्पट मागं. आता तुराबी दिसंना. तिसऱ्याला हात लावायची छाती झाली न्हाई. सोनाचं त्ये दाबलेलं हसू डोळ्याफुडं आलं, आन् जाता जाता निरोप घ्यावा तसा मी मागं जायाचा गेर टाकला. काय इचारता! टरक फुडं निगाला. नव्या नवरीगत, हळूहळू. लिंबं फच्च फच्च फुटली. लोकांनी टाळ्या पिटल्या. लोकांचं काय, टरक फुडं गेला, झालं.

हवालदार गंजीतनं भायेर आला. मिशीत कडबा. सरळ टरकाखाली शिरला, उताना पडला, आन् लय येळ बगत ऱ्हायला. माजं काळीज उलट्या गेरात. भायेर आला, माजा दंड धरला आन् मला गंजीमागं नेलं.

"कंच्या खात्यात व्हतास?"

"टरकाच्या."

"डोळ्यात बगून सांग."

डोळ्यात बगवंना. म्हनलं, सोना तर गेलीच, निदान खरं तरी बोलून मोकळं व्हावं. "मामा, लंगरात व्हतो. कांदा चिरायचो."

हवालदारानं हिकडं बगितलं, तिकडं बगितलं. "शंभर मान्सांच्या डाळीला मीठ किती?"

मी सांगितलं. त्येनं मान हलिवली, आन् माज्या कानाशी आला. "हळू बोल. मीबी लंगरातलाच. बावीस वर्सं."

"आवं, मंग खाली झोपून काय बगितलंसा?"

"काय बगनार? लोक बगत व्हते, म्हनून झोपलो."

मंग त्यो भायेर गेला, छाती काडून. गावाला सांगितलं, ह्यो टरक नव्या मिलिटरी बनावटीचा हाय, समदं गेर माघारीचं, फुडं जायाला येकच. पोराचा हात पक्का हाय. आन् तितंच सुपारी फोडली.

वऱ्हाड त्याच टरकातनं रहिमतपूरला गेलं. फुडं जायाचा येकच गेर, त्योबी गोगलगायीचा. बैलगाडीवालं मागनं यायचं, दमानं फुडं जायाचं, आन् वळून इचारायचं, पावनं, काय निरोप हाय का मांडवात? मुहूर्त टळला. भटजी जेवून निजला व्हता, त्येला उठवून आक्षता टाकल्या.

महिन्याभरानं सांगलीच्या पेठंत एका म्हाताऱ्या डायवरनं नुसतं वाकून बगितलं आन् सांगितलं, आस उलटा बशिवलाय, म्हनून चाकं उलटी फिरत्यात. कुना गाढवाचं काम ह्ये? तात्या माज्याकडं बगाया लागला. मी आपला गुळाच्या ढेपा मोजाया लागलो.

पर फिटर ह्ये नाव काय पुसलं न्हाई. आजूनबी कराडच्या रस्त्याला कुनाची गाडी बंद पडली की लोक माज्याकडंच धाडत्यात. मी खाली शिरतो, घटकाभर उताना पडतो, दोन नट सैल करतो, त्येच दोन पुन्ना आवळतो. सासऱ्याची इद्या हाय.

तुमच्याबी गाडीचं तेवढं करून झालं बगा, म्हनून तर चा पाजून तुमाला बशिवलं. द्या, काय द्यायचं त्ये द्या हातावर. आन् चालू करताना तेवढं मागं कुनी हुबं न्हाई ना, बगून घ्या.