उभ्या गाडीचं तेल

तेलाची दांडी इंजिनातून उपसायची, टोकावरचा थेंब अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं चोळायचा, नाकाशी नेऊन हुंगायचा आणि डोळे बारीक करून निकाल द्यायचा, "अजून लई जीव हाय ह्याच्यात." आमच्या डायवर मामांचं हे ठरलेलं होतं. थेंब काळा असो की चिकट, निकाल कधी बदलला नाही. मला त्या हुंगण्याचा राग यायचा. लातुरात माझं गाड्यांच्या ऑइलचं दुकान आहे, अब्बांपासूनचं. गिऱ्हाईक दारात गाडी लावून तेल का घ्यायचं नाही याची कारणं सांगायला लागलं तर कोणत्या दुकानदाराला आवडेल?

मामा एसटीत ड्रायव्हर होते. उभी नोकरी त्यांनी लातूर-बिलोली रस्त्यावर काढली. सगळी गल्ली त्यांना डायवर मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. निवृत्तीनंतर अंगावरची खाकी गेली, पण चालणं तसंच राहिलं, डावा खांदा थोडा वर आणि मान सरळ. दुकानातल्या स्टुलावर बसले तरी समोर मोठी काच असल्यासारखे रस्त्याकडं बघत बसायचे. रिक्षावाल्यानं वळताना हात दाखवला नाही की इथूनच त्याला दोन शब्द ऐकवायचे.

निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. ती त्यांनी मामीसाठी घेतली होती, हे आधी सांगायला हवं. मामींची एकुलती एक धाकटी बहीण मुखेडला दिलेली. इकडं घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळं मामींना घर सोडता येत नसे. पण मामांची बस रोज मुखेडवरून जायची. मामी कारळाच्या चटणीची पुरचुंडी द्यायच्या, ती मामांच्या केबिनमधून मुखेडच्या स्टँडवर पोचायची. तिथं बहीण उभी असायची. ती परतीच्या फेरीला कधी शेंगा द्यायची, कधी लेकराच्या बारशाची खबर. दोघी बहिणींची अर्धी माया अशी एसटीनं ये-जा करत होती. "मी मेव्हणीला रोज बघतो अन् हिला सणालाबी बघाया भेटत न्हाई," असं मामा म्हणायचे.

सासूबाई गेल्या, नोकरी संपली, गाडी आली. आता मामी दर महिन्याला मुखेडला जाणार असं सगळ्यांना वाटलं. पण गाडी दारात आली तशी मामांनी तिच्यावर कव्हर घातलं आणि मामींना घेऊन ते स्टँडवर गेले.

"मामा, गाडी कशाला घेतली मग?" मी विचारलं.

"पास हाय की एसटीचा. फुकट जाता येतंय तर गाडी कशाला झिजवायची? गाडी मोठ्या कामाला."

हे मोठं काम कोणतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्नाला जायचं तर तिथं गाडी लावायला जागा नसते, तुळजापूरला जायचं तर घाट, बाजाराला जायचं तर पिशवी घेऊन चालणं बरं. गाडी कव्हराखालीच राहिली. रोज सकाळी मात्र कव्हर निघायचं, मामा आत बसायचे, इंजिन चालू करायचे, थोडा वेळ घरघर ऐकायचे आणि बंद करून परत कव्हर घालायचे. गल्लीतल्या लोकांनी त्यावरून घड्याळं लावावीत इतकं ते नेमानं चालायचं.

मी त्यांना वर्षातून एकदा तरी सांगायचो, "मामा, तेल बदला. गाडी उभी असली म्हणून काय झालं? वर्ष झालं की तेल काढायचं."

"किती चालली गाडी? न्हाईच चालली. मग तेल कशानं खराब होईल? किलोमीटर बोलतं, भाई. आपण न्हाई बोलायचं."

यात त्यांचा हट्ट होता तसं शिक्षणही होतं. डेपोत तेल किलोमीटरवर बदलतात. एवढे किलोमीटर झाले की बस दुरुस्तीच्या खड्ड्यावर घ्यायची, त्याआधी हात लावायचा नाही. त्या नियमावर मामांच्या हातून कधी गाडी फेल गेली नव्हती. पण एसटीची बस उभी कुठं राहते? ती रात्री मुक्कामाला पोचते आणि पहाटे निघते. सगळी हयात ज्यानं पळणाऱ्या गाड्याच पाहिल्या, त्याला उभ्या गाडीचं दुखणं कसं कळावं? ते दुखणं मी माझ्या परीनं समजावलं. थोडा वेळ चालू करून बंद केलं की इंजिन धड तापत नाही. आत दमटपणा धरतो, त्याचं पाणी तेलात मिसळतं, तेलाचा चिखल होतो. एकदा त्यांच्याच गाडीचं तेलाचं झाकण उघडून आतून धरलेला सायीसारखा पांढरट थर त्यांना दाखवला.

"गाडी पाणी पिऊन राहिली, मामा."

"पिऊ द्या. उन्हाळा हाय," असं म्हणून मामा हसले आणि थर रुमालानं पुसून टाकला. मी कपाळाला हात लावला.

मग एके दिवशी सकाळी मुखेडहून फोन आला. बहीण बरेच दिवस आजारी होतीच. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं आणि ती सारखी 'आक्का कुठंय' म्हणून विचारत होती. मामी स्टँडवर जायला निघाल्या. तेव्हा मामा म्हणाले, "आज बस न्हाई. आज आपली गाडी."

दुकानासमोरून जाताना त्यांनी हॉर्न दिला, म्हणून मी बाहेर आलो. मामी पुढं बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मामांची मान सरळ, हात स्टेअरिंगवर जसे असायला हवेत तसे. एवढ्या वाईट कामाला निघालेला माणूस, पण बायकोला शेजारी बसवून गाडी चालवतोय याचा थोडा अभिमान चेहऱ्यावर होताच. मला तो दिसला. त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

पुढचं मामांनीच नंतर सांगितलं. शिरूर ताजबंद सोडून मुखेडच्या रस्त्याला लागले आणि थोड्या वेळानं समोर तेलाचा तांबडा दिवा लागला. मामांनी लगेच गाडी कडेला घेतली, एका कडुलिंबाखाली, आणि इंजिन बंद केलं. दिवा लागला की थांबायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. बाभळीची फांदी तोडून त्यांनी गाडीच्या मागं रस्त्यावर टाकली, चाकाला दगड लावले. बस बंद पडल्यावर करतात ते सगळं केलं.

मामी गाडीतूनच म्हणाल्या, "चालवा की तसंच. थोडंच राहिलंय."

"तांबडा दिवा लागल्यावर चालवायची न्हाई. इंजन जाईल."

"जाऊ द्या की."

"असं कसं जाऊ द्या?" मामा म्हणाले. मामींनी गाडीचं दार उघडलं. पिशवी घेऊन उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. एक जीप खच्चून भरलेली गेली. दुसरी थांबलीच नाही. बऱ्याच वेळानं बस आली. ड्रायव्हर मामांच्या ओळखीचा होता, त्यानं हात बघूनच थांबवली. बसमध्ये मामी मागं बायकांच्या सीटवर बसल्या आणि मामा सवयीनं पुढं, केबिनजवळ उभे राहिले.

मुखेडला पोचले तेव्हा बहीण नुकतीच गेली होती. मामींनी हात धरला तर हात अजून गरम होता.

गाडी ओढून लातूरला आणली, माझ्या दुकानाशेजारच्या मिस्त्रीकडं. त्यानं खालची तेलाची टाकी उघडली तर आत तेल नव्हतंच म्हणायचं, काळा लगदा होता. जाळी पूर्ण बुजलेली, वर तेल चढायला वाटच नाही. मिस्त्री चांगला माणूस, त्याला बाकीचं काही माहीत नव्हतं. तो कौतुकानं म्हणाला, "मामा, टायमावर बंद केली तुम्ही. दुसरा कोनी असता तर इंजन खलास होतं. वाचवलं तुम्ही."

मामा माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी रस्त्याकडं पाहिलं नाही.

"इंजन वाचलं म्हनं," ते म्हणाले. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "इंजन दुसरं बशिवता आलं असतं, भाई."

मी चहा सांगितला. दुसरं काय करणार? अशा वेळी धीराचे शब्द सुचतात आणि ते सगळे खोटे वाटतात. चहा आला, थंड झाला, मामा उठून गेले.

त्यानंतरचे मामा तुम्ही पाहिले असते तर हसला असता, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं असतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते तेल बदलायला यायचे. थेंब चोळणं, हुंगणं सगळं सुटलं. तेल मधासारखं स्वच्छ असायचं तरी म्हणायचे, "काढा."

"मामा, एवढ्यात नका काढू. तुमच्या गाडीला वर्षातून एकदा पुष्कळ झालं. पुढच्या दसऱ्याला या."

"वर्ष कुणी बघितलंय?"

मी तेल विकणारा माणूस, आणि मीच त्यांना परत पाठवायचो. ते मग गंजगोलाईकडच्या दुसऱ्या दुकानात जायचे. मला कळायचं, पण मी कधी बोललो नाही. ज्या तेलाची वेळ निघून गेली होती, ते बदलायला मामा येत होते. ते माझ्या दुकानात मिळत नव्हतं.

माझी एक गोष्ट मात्र त्यांनी ऐकली. नुसती चालू करून बंद करू नका, आठवड्यातून एकदा चांगली लांब फिरवा, इंजिन नीट तापू द्या, असं मी सांगायचो. तर दर रविवारी सकाळी कव्हर निघायचं, गाडी दारापुढं यायची. मामा उतरून पलीकडं जायचे, डावीकडचं दार उघडायचे आणि ते धरून उभे राहायचे. मामी ओट्यावर ज्वारी नाहीतर तूर निवडत बसलेल्या असायच्या. त्या सुपातून वर न बघता म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या."

मामा दार लावायचे. हळूच लावायचे. मग एकटेच औशाच्या रस्त्याला जाऊन यायचे.

मामी मुखेडला जायच्या, बहिणीच्या लेकराला भेटायला. पण बसनं. मामा स्टँडपर्यंत पिशवी घेऊन सोडायला जायचे, चांगली खिडकी बघून द्यायचे आणि बस फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबायचे. गल्लीत सगळे म्हणायचे, मामींनी राग धरलाय. मलाही तेच वाटायचं. मामांना तर त्याबद्दल शंकाच नव्हती. "तिचं बरोबरच हाय," असं ते एकदा मला म्हणाले, मी काही विचारलं नसताना.

मागच्या थंडीत मामा गेले, कुणाला त्रास न देता, झोपेतच. रविवार आला की गल्ली अजून थोडी कान देऊन असते.

दिवस झाल्यावर मामी दुकानात आल्या. आधी कधी आल्या नव्हत्या. गाडी मुखेडच्या भाच्याला देऊन टाकली म्हणाल्या, आणि तेलाचं त्याला काय सांगायचं ते विचारायला आल्या होत्या. मी सांगितलं, कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलायचं आणि अधूनमधून लांब न्यायची. त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. मामांच्या स्टुलावर बसून राहिल्या.

"त्यांना वाटायचं, मी डूख धरून राहिले," त्या म्हणाल्या.

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मी कशाला डूख धरू, भाई? त्यांनी काय मुद्दाम केलं? पण त्या रस्त्याला तो लिंब हाय. तिथं गाडी आली की त्यांनी माझ्याकडं बघितलं असतं. ते मला सोसलं नसतं. बसचं बरं असतंय. डायवर मागं वळून बघत न्हाई."

"हे मामांना बोलला होतात का कधी?"

मामींनी पदरानं तोंड पुसलं.

"रोज वाटायचं, आज बोलावं," त्या म्हणाल्या. "मग वाटायचं, घाई काय हाय. माणूस घरातच तर हाय."