चुकीच्या टाळ्या

दुपार कलल्यावरच्या नमाजाची, अस्रची अजान संपता संपता आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर चेंडू आदळू लागे. धप्. मग क्षणभर काहीच नाही. पुन्हा धप्. त्या आवाजात एक विलक्षण सबुरी होती. कुणी अदबीनं दार ठोठावावं आणि आत माणूस आहे याची त्याला पक्की खात्री असावी, तशी. हवेत शेजारच्या घरातल्या लोबानाचा धूर, आमच्या स्वयंपाकघरातली लसणाची फोडणी आणि समुद्रावरून आलेला खारट दमटपणा एकमेकांत मिसळलेले असत. मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्या कलत्या दुपारी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा राही. तुम्ही म्हणाल, भिंतीशी खेळणाऱ्या माणसात पाहण्यासारखं ते काय? अहो, पण तो माणूस पॅराग्वेचा होता! आणि मी, वातानुकूलन यंत्रं विकणारा गृहस्थ, त्याचा एकमेव प्रेक्षक होतो.

नेस्तोर त्याचं नाव. मस्कतमधल्या एका क्लबानं त्याला गोल मारण्यासाठी आणलं होतं आणि राहायला आमच्या समोरचा फ्लॅट घेऊन दिला होता. दक्षिण अमेरिकेचा आघाडीचा खेळाडू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे रंगवलेले केस आणि गळ्यातली जाड साखळी उभी राहिली होती. प्रत्यक्षात दारात आला तो पस्तिशीचा, कपाळ मागे सरकलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला आणि जिना चढताना हळूच कण्हणारा एक सज्जन माणूस. बरोबर त्याची बायको रोसाना, हसरी आणि गरोदर.

त्याची कारकीर्द मी हप्त्याहप्त्यानं ऐकली. थोडी इंग्रजी, थोडी अरबी आणि बाकी सगळी हातवाऱ्यांची. नदीकाठच्या गावात जन्म. कोवळ्या वयात राजधानीच्या क्लबात बोलावणं. एका सायंकाळी, खच्चून भरलेल्या मैदानात, जवळजवळ अर्ध्या मैदानावरून मारलेला एक गोल, जो तो फोनवर अजूनही दाखवी, आणि दाखवताना स्वतः मात्र दुसरीकडे पाही. मग गुडघा दुखावला. मग बोलिव्हियाची विरळ हवा, मेक्सिको, थायलंड, कुवेत. दर वर्षी नवा सदरा, नवं भाडोत्री घर, आणि 'चेंडू मला दे' हे सांगायला नवी भाषा. हे ऐकून वसुधा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "अहो, हा तर आपल्या गुहागरचाच निघाला!" खरंच आहे. कोकणातून इथं आलेला सुतार काय, वायरमन काय, कूलर दुरुस्त करणारा काय, सगळे असेच दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या सदऱ्यात आपलं काम करत असतात. फक्त नेस्तोरचं काम जरा क्रूर. सुतारानं निम्मं दार केलं तर निम्मं दार तरी दिसतं. निम्मा गोल कुणी पाहिलाय?

आणि त्या हिवाळ्यात नेस्तोरचा गोलच होईना. चेंडू खांबाला लागे, वरून जाई, गोलरक्षकाच्या पोटात जाऊन बसे. जानेवारीत क्लबांना खेळाडू बदलता येतात. क्लबाच्या व्यवस्थापकानं एक दिवस त्याला चहा पाजला, खजूर दिले, आणि गोड आवाजात सांगितलं, "शुक्रवारी गोल, तर मोसम संपेपर्यंत तू आमचा. नाही तर खलास." खलास म्हणजे करार, व्हिसा आणि फ्लॅट, तिन्ही. रोसानाला तेव्हा आठवा लागला होता, आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला स्वच्छ नकार दिला होता. बायकोला एकटी ठेवून जायचं तरी कुठं, आणि ठेवायचं तरी कुणाच्या घरात?

"माझ्या घरात," वसुधा म्हणाली. "पण तशी वेळ येणार नाही. तो गोल मारील." हे तिनं अशा सुरात म्हटलं, की गोल म्हणजे जणू नळाचं पाणी, आत्ता नसेल तर संध्याकाळी येईल. महिन्यापूर्वीच इमारतीतल्या बायकांनी रोसानाला हिरवी साडी नेसवून, हिरवा चुडा भरून तिचं डोहाळजेवण केलं होतं. त्यामुळे तिचं बाळंतपण ही आता आमची कौटुंबिक बाब झाली होती.

मैदानावर प्रेक्षक नसतात हे नेस्तोरचं मोठं दुःख. ते मी अशरफभाईंच्या कानावर घातलं. अशरफभाई रत्नागिरीचे, मस्कतच्याच हमरिया भागात त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि मनुष्यबळाचं गोदाम असावं तशी त्यांची ओळख. "माणसं व्हयी ना? मग शुक्रवारी बस भरून आणतो," ते म्हणाले, आणि खरोखर आणली! मंडणगड, गुहागर, दापोली. शुक्रवारी वाळवंटाच्या कडेला क्रिकेट खेळणारे सगळे वीर. फुटबॉलचा आणि त्यांचा संबंध शून्य. तेव्हा बसमध्ये उभं राहून मी त्यांना धडा दिला: पायानं मारायचं, हात लावायचा नाही, जाळ्यात गेला की गोल. "आणि मास्तर, टाळ्या कवा?" मागून कुणीतरी विचारलं. "चांगलं काही झालं की!" मी ऐटीत उत्तरलो. वाचकहो, याहून सदोष उत्तर जगात कुणा गुरूनं दिलं असेल काय?

नेस्तोर घरातून निघाला तेव्हा वसुधानं त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. सूर्यास्ताच्या मगरिबच्या नमाजानंतर खेळ सुरू झाला. आकाशात अजून डाळिंबी उजेड होता, मागचे उघडेबोडके डोंगर त्यात न्हाऊन निघाले होते. आणि थोड्याच वेळात नेस्तोरनं अशी उसळी मारून डोक्यानं चेंडू हाणला, की मी 'गोल' म्हणायला तोंड उघडलं. समोरचा गोलरक्षक, हिरव्या सदऱ्यातला एक लांबलचक तरुण, हवेत आडवा झाला आणि त्यानं तो चेंडू दोन्ही हातांनी पकडला.

"आउट!" आमची अख्खी बस उभी राहिली. "काय झेल घेतलान! वा रे पठ्ठ्या!" टाळ्या, शिट्ट्या, आणि अशरफभाई तर टोपी उडवत नाचत होते. झेल दिसला की टाळी पडायची, हे त्या हातांना लहानपणापासूनचं वळण; त्यांचा तरी काय दोष? "अहो, तो शत्रू आहे, शत्रू!" मी ओरडलो. "मास्तर," अशरफभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगल्याला चांगला म्हणाया काय जातं? झेल म्हंजे झेल." खाली नेस्तोर कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहात होता. ती नजर मला अजून आठवते, आणि शक्यतो मी ती आठवत नाही.

पण गोलरक्षक! त्या बिचाऱ्याला आयुष्यात इतक्या टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या असाव्यात, आणि त्याही परक्यांच्या बाजूकडून. त्यानं छातीवर हात ठेवला, आमच्याकडे वळून मान लववली. पुढचा चेंडू त्यानं एका हातानं घेतला आणि वर एक लोळण घेतली, आमच्याकडून जल्लोष. त्याच्या पुढचा चवड्यांवर उभं राहून, डोळे आमच्याकडे ठेवून. मी पाहात होतो: माणूस कामासाठी काम करायचं सोडून टाळीसाठी करू लागतो, तो क्षण किती नाजूक, किती मधुर आणि किती घातकी असतो!

उत्तरार्ध सरत आला. डावीकडून एक मरगळलेला, केविलवाणा चेंडू हवेतून तरंगत आला. तो कुणीही घेतला असता. मीसुद्धा, हातात चहाचा कप असताना. पण हिरवा तरुण आमच्याकडे एक कटाक्ष टाकून सूर मारता झाला, एकाच हातानं, पंख पसरलेल्या घारीसारखा. चेंडू बोटांना चाटून सुटला आणि नेस्तोरच्या पायाशी टपकला. नेस्तोरनं तो नुसता लोटला. आयुष्यभर भिंतीचं दार ठोठावणाऱ्या माणसाला ते उघडंच मिळालं होतं.

आमच्या बाकांवर मात्र स्मशानशांतता. "अरेरे," कुणीतरी हळहळलं, "सोपा झेल सोडलान." मग मी एकटाच गोल गोल म्हणून बोंबललो, तेव्हा कुठं प्रकाश पडला आणि त्या मैदानात कोकण उसळलं.

खेळ संपल्यावर नेस्तोर जाळीपाशी आला. घामानं निथळत त्यानं मला विचारलं, "मित्रा, तुम्ही त्याला टाळ्या का वाजवत होता?" मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "डावपेच." "इतके देश खेळलो," तो म्हणाला, "इतकी हुशार माणसं पाहिली नाहीत." अशरफभाईंनी नम्रपणे मान झुकवली.

करार टिकला. पुढे तो आणखी दोन-तीन गोल मारील, मोसम संपल्यावर बूट खुंटीला टांगील आणि नदीकाठच्या गावी परतेल; तसं त्यानं ठरवलं आहे. त्याला खंत दिसत नाही. कारकीर्दीतला सर्वांत देखणा गोल फोनमध्ये आहे आणि सर्वांत गरजेचा अगदी ओबडधोबड निघाला, हे तो हसत हसत सांगतो. आपल्या आयुष्याचे हिशेबही बहुधा असेच जुळतात. देखणेपणाला आपण जपतो, तरतो मात्र अशाच एखाद्या टपकलेल्या चेंडूवर.

परवा रोसाना इस्पितळातून घरी आली. मुलगी झाली. वसुधा भाकर-तुकडा घेऊन उंबऱ्यात उभी होती, जिन्यात सगळी इमारत लोटली होती. रोसानानं बाळ नेस्तोरच्या हाती दिलं. ज्या खेळात हात लावणं म्हणजे गुन्हा, त्यात आयुष्य घालवलेल्या त्या माणसानं ते दोन्ही हातांची ओंजळ करून घेतलं. त्यानं ते इवलंसं गाठोडं छातीशी धरलं आणि श्वासही जपून घेत तो उभा राहिला. माझ्या शेजारी अशरफभाई उभे होते. त्यांनी टाळीसाठी दोन्ही हात वर उचलले.

मी ते हवेतच पकडले. "आत्ता नको," मी कुजबुजलो. "आधी नीट धरू दे त्याला."