दुसरी चावी

गाडीची चावी चालेनाशी झाली तो मंगळवार होता. मंगळवारी आणि शुक्रवारी मी यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, उचगावहून राजारामपुरीतल्या दवाखान्यात व्यायामाला घेऊन जात असे. आदल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. तोंडात एकच शब्द उरला, ‘व्हय’. आमच्या सरकी पेंडीच्या, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या, दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी मोठमोठ्यानं बोलणारा माणूस तेवढ्या एका शब्दावर आला. तरी मी लोकांना सांगायचे, “बोलता येत नाही, पण विचारलेलं सगळं कळतं. होय म्हणून सांगतात.” हे सांगताना मला थोडा अभिमानही वाटायचा.

गाडी मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, ती या व्यायामापायी. त्या दिवशी यांना धरून पायऱ्या उतरवल्या, भिंतीला टेकवून उभं केलं आणि चावीचं बटण दाबलं. चावी म्हणजे काळ्या प्लास्टिकची डबीच. ती गाडीत खुपसायची नसते, नुसती जवळ असली की झालं. एरवी बटण दाबलं की गाडीचे दिवे लुकलुकतात आणि दारं उघडतात. त्या दिवशी काहीच झालं नाही. जवळ जाऊन दाबलं, दाराला लावून दाबलं, पदरानं पुसून दाबलं. काही नाही.

पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, सेल संपला असेल. त्या डबीत बारकी लोखंडी चावी असते बघ, ती ओढून काढ आणि दार उघड.”

बारकी चावी निघाली, दारही उघडलं, आणि गाडी एकदम बोंबलायला लागली. हे दचकले. पाय लटपटला. शेजारचे भाऊजी धावत आले, त्यांनी यांना धरलं, मी खुर्ची आणली. मुलगी फोनवर सांगत होती, “चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धर, मग सुरू होईल.” टेकवून धरली. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, चावी सापडत नाही. गाडी ओरडतच होती. शेवटी भाऊजींनी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली, तेव्हा ती गप झाली.

भाऊजींनीच चौकातून नवा सेल आणला. सरळ घातला, उलटा घातला. काही नाही. व्यायामाची वेळ केव्हाच टळून गेली होती. हे अंगणात खुर्चीवर बसून सगळं बघत होते आणि मधूनच “व्हय, व्हय” करत होते.

दुपारी चावी बनवणारा माणूस आला. त्यानं डबी उघडली, आतली पट्टी उजेडाकडं धरली.

“काकी, सेलचा काय दोष न्हाय. आत पाणी गेलंय कवातरी. बोर्डच गेलाय बघा.”

“मग नवी करून द्या की.”

“दुसरी चावी कुठाय? गाडीसंगं दोन मिळत्यात. ती दिलीसा तर हितंच बसून करतो. ती नसंल तर गाडी उचलून वर्कशॉपला न्यावी लागंल.”

दुसरी चावी होती. गाडी घेतली तेव्हा यांनीच ती मला दाखवली होती आणि नीट ठेवतो म्हणाले होते. कुठं ठेवली, ते त्यांनाच ठाऊक.

मी यांच्यासमोर बसले. बंद पडलेली चावी हातात धरून दाखवली. “अहो, हिची जोडीची कुठं ठेवलीसा? कपाटात?”

“व्हय.”

मला हायसं वाटलं. कपाट सगळं उपसलं. साड्या, कागदपत्रं, अव्वांचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, दागिने ठेवायचा डबा. चावी नव्हती. परत येऊन विचारलं, “देवघरात?” “व्हय.” देवघरातले खण काढले. “माळ्यावर?” “व्हय.” भाऊजी माळ्यावर चढले. “दुकानात?” “व्हय.” दुकान आम्ही दुसऱ्याला देऊन टाकलं होतं, तरी रिक्षा करून गेले. तिथल्या माणसानं गल्ल्याखालचा जुना खण उघडून दाखवला. त्यात सुतळ्या होत्या.

परत आले तेव्हा चावीवाला कंटाळून निघून गेला होता. घरभर पसारा पडला होता. हे पलंगावर बसलेले. माझ्याकडं बघत होते, डोळ्यांत अगदी काकुळती, मदत करायची धडपड. मी पाणी प्यायले आणि विचारलं, “चावी आपल्याकडं न्हाईच का?”

“व्हय.”

“हाय का?”

“व्हय.”

मी त्यांचा डावा हात हातात घेतला. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं, “अहो, तुम्ही बाई हायसा का?”

“व्हय,” ते म्हणाले. मान डोलावून, नीट, मनापासून.

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून सांगता येत नाही. जे तोंडातून गेलं ते आपल्याला म्हणायचं नव्हतं, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी जोरजोरानं मान हलवली, आणि तोंडातून पुन्हा तेच निघालं, “व्हय, व्हय, व्हय.” मग ते रडायला लागले. मी त्यांना जवळ घेतलं, पण माझं मन तिथं नव्हतं. ते वर्षभर मागं पळत होतं.

दुकान देऊन टाकू का, म्हणून मी विचारलं होतं. व्हय. तुमचा पलंग पुढच्या खोलीत हलवू का? व्हय. गडहिंग्लजहून तुमच्या भावाला बोलावू का, की नको? व्हय. दुखतंय का? व्हय. मी गोळ्या देत गेले. बरं वाटतंय का? व्हय. मी निर्धास्त झोपत गेले. वर्षभर आम्ही दोघं बोलतोय असं मला वाटत होतं. बोलत मी एकटीच होते.

पुढच्या शुक्रवारी रिक्षानं गेलो. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला वाचेच्या डॉक्टर बाईंकडं पाठवलं. त्यांनी यांच्यासमोर चित्रं मांडली आणि कप दाखवा म्हणाल्या. यांनी चपलेवर बोट ठेवलं. मग बोट उचलून परत चपलेवरच ठेवलं. बाई मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “त्यांना बरंच कळतं. पण होय-नाही म्हणताना, बोटानं दाखवताना चुकतं, हे त्यांच्या हातात नाही. इतक्या दिवसांनी फार सुधारेल असं मी सांगणार नाही.” मी विचारलं, हे आधी कळलं असतं तर? त्या आत जाऊन चित्रं गोळा करू लागल्या.

गाडी उचलून नेली. बऱ्याच दिवसांनी दोन नव्या चाव्यांसह परत आली. वर्कशॉपमधला माणूस म्हणाला, जुन्या चाव्या गाडीतून पुसल्यात, हरवलेली सापडली तरी चालणार नाही. मी बरं म्हटलं. शोधायचं मी केव्हाच सोडलं होतं.

आता मी विचारत नाही, सांगते. जेवायचं आता. झोपायचं आता. घर फार शांत झालंय. अंघोळीच्या बादलीत आधी माझा हात कोपरापर्यंत घालते, थोडा वेळ तसाच ठेवते, मग त्यांच्या पाठीवर तांब्या ओतते. पाणी त्यांना कसं लागतं, हे मला माहीत नाही.